ज्या थंडीत आम्ही त्याचं नाव घ्यायला शिकलो

शेंगा आल्या. परवा सकाळी दूध आणायला नाक्यावर गेलो, तर भाजीवालीच्या टोपलीत वालाच्या शेंगा दिसल्या. भरलेल्या, टपोऱ्या, देठाशी अजून ओल असलेल्या. हातात दुधाची पिशवी, तीही लहान. तरी घेतल्याच, आणि पिशवीत मावेनात त्या रुमालात बांधल्या. घरी आल्यावर मंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, रुमाल उघडून पाहिला आणि तसाच ओट्यावर ठेवला. दूध मी विसरलो होतो. एरवी त्यावरून अर्धा दिवस बोलणी खावी लागली असती. त्या दिवशी आम्ही दोघं काळा चहा प्यालो.

थंडी ओळखायची आमची रीत निराळी आहे. खाडीकाठच्या माणसाला स्वेटर लागावा इतकी थंडी पडतेच कुठं? आमची थंडी शेंगांवरून कळते. वाल भरला, बांधावर भांबुर्ड्याचा पाला माजला, की संध्याकाळी कुठून ना कुठून पेंढा जळल्याचा वास येतो आणि माणसं एकमेकांना विचारायला लागतात, पोपटी कधी लावायची? ज्यांनी ती खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मातीचं मडकं घ्यायचं, तळाला भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, वर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. पुन्हा पाला दाबून तोंड बंद करायचं, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती गवत-काटक्यांचा जाळ. ना तेलाचा थेंब, ना पाण्याचा. मडक्यावर शिंतोडा मारला आणि तो चर्र करून उडाला की झालं. मी आयुष्यभर कंटेनर यार्डाच्या गेटावर बसून आत-बाहेर जाणाऱ्या ट्रेलरच्या नोंदी केल्या, त्याबद्दल कुणी शाबासकी दिली नाही. पण पोपटी लावावी तर रमाकांतनं, असं आमच्या जासई गावात अजून म्हणतात. मला त्याचा फार गर्व होता.

आमचा सोहम याच हंगामात गेला. प्रणाली थोरली, सोहम तिच्या पाठचा, कॉलेजात शिकणारा. मामाच्या गावी पोपटी होती. संध्याकाळी दोघं स्कूटरवरून परत येत होती. ती चालवत होती, तो मागं बसला होता. फाट्याच्या वळणावर एक ट्रेलर अंगावर आला. तिचा हात मोडला. तो जागच्या जागी गेला. लोक जमेपर्यंत ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसून होती. याहून जास्त मला लिहिता येणार नाही, आणि याहून कमी लिहिलं तर पुढचं काही कळणार नाही.

बाराव्याला भावकी बसली होती. पोरीचा हात गळ्यात बांधलेला, नजर फरशीवर. कुणी सोहमचं नाव काढलं की तिला कापरं भरायचं, दातांवर दात वाजायचे. तेव्हा आमच्या थोरल्या काकी म्हणाल्या, "जो गेला तो गेला. जी हाय तिला जपा. तिचे म्होरं त्याचा नाव कोनी कारायचा नाय." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. गावाची माया अशीच असते, एकदा ठरलं की सगळे मिळून पाळतात. हार घातलेला फोटो भिंतीवरून उतरला आणि माझ्या धाकट्या भावाकडे, नंदूकडे गेला. कपडे गेले, बूट गेले, बॅट गेली. शेजारची चिमुरडी पोरंसुद्धा आमच्या अंगणात येताना तोंडाला कुलूप लावून यायची. वर्षश्राद्ध शेजारीच, नंदूच्या घरी उरकलं. प्रणालीला सांगितलं, काकाकडे सत्यनारायण आहे.

आता वाटतं, ही सवय आमच्या रक्तातच आहे. माझ्या बापाची जमीन बंदरासाठी गेली. आमच्या शेतांना नावं होती, एकाला सावऱ्याचं, एकाला खालचं खार, एकाला नुसतंच म्हातारीचं. जमीन गेल्यावर बापाच्या तोंडून त्यातलं एक नाव पुन्हा कधी आलं नाही. लहानपणी मी एकदा विचारलं, बाबा, सावऱ्याचं नेमकं कुठं होतं हो? तर ते उठून बाहेर निघून गेले. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. दुखतं त्याला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची शिकवण. घाव झाकून ठेवला की आतल्या आत बरा होतो, असं आम्ही सगळे धरून चालतो.

तर आम्ही झाकलं. पुढची दोन वर्षं आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. हायवेवरून ट्रेलरचा हॉर्न वाजला की मंदा धावत जाऊन खिडकी लावायची. टीव्हीवर गाडी जोरात पळताना दिसली की मी चॅनेल बदलायचो. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजायची. प्रणाली ऐरोलीला एका कंपनीत कामाला होती, ती नोकरी सुटली. गाडीत बसता येईना म्हणून सुटली. मग नाक्यापर्यंत चालत जाणं सुटलं, मग अंगण सुटलं. मधेच छातीत धडधडायला लागायचं, हातापायांना मुंग्या यायच्या, श्वास पुरेना व्हायचा. आम्ही म्हणायचो, बाई, तू नकोच जाऊ, आम्ही आणतो काय हवं ते. जे जे तिला भीतीचं, ते ते आम्ही तिच्या वाटेतून उचलून बाजूला ठेवत गेलो. शेवटी तिच्या वाट्याला एक आतली खोली उरली.

उपाय काय कमी केले? देवीला नवस झाला. भगताकडून अंगारा आला. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, त्यांनी झोप आली, पण जाग आली की पुन्हा तेच. मग प्रणालीच्या ऑफिसातली एक मैत्रीण भेटायला आली आणि सुजाता मॅडमचं नाव सांगून गेली. मॅडम समुपदेशक, ऐरोलीत एका इमारतीत खाली त्यांची छोटी खोली. माणसाशी बोलून बोलून मनावरचा घाव बरा करतात म्हणे. मी हसलो. "बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात," मी मंदाला म्हणालो, "बोलून कोनाचा घाव भरलाय?" मंदा म्हणाली, "आपन गप बसून तरी कुठं भरला?" बायको कमी बोलते, पण बोलते तेव्हा पुढं काही बोलायला जागा ठेवत नाही.

प्रणालीला ऐरोलीपर्यंत जाणं शक्यच नव्हतं, म्हणून सुरुवात मोबाइलवर झाली. ती आतल्या खोलीत दार लावून बोलायची. मी बाहेर पेपर धरून बसायचो, वाचायचो काहीच नाही. काही आठवड्यांनी ती म्हणाली, मॅडमना तुमच्या दोघांशी पण बोलायचंय, मी समोर असताना. मग आम्ही तिघं स्वयंपाकघरात जमिनीवर ओळीनं बसलो, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला. मंदानं पदर सावरला, जणू पाहुणे बघायला आलेत. पडद्यावर तिशी-पस्तिशीची, साध्या ड्रेसातली बाई. आवाज मऊ, बोलणं मराठवाड्याकडचं. तिची आई परभणीहून इथं बिल्डिंगच्या कामावर आली होती, हे तिनं बोलता बोलता सांगितलं. मग तिनं विचारलं, "काका, सोहमचा फोटो कुठं असतो घरात?"

ते नाव आमच्या स्वयंपाकघरात इतक्या दिवसांनी आलं आणि मी पहिल्यांदा प्रणालीकडं पाहिलं, हिला आता कापरं भरणार म्हणून. भरलंही. पण मॅडम घाबरली नाही. "प्रणाली, पाय फरशीला टेकव. गार लागायलीय का फरशी? श्वास सोडताना सावकाश सोड," एवढंच म्हणाली आणि थांबली. मी चोरून माझेही पाय फरशीला टेकवले. हळूहळू पोरीच्या हाताचं थरथरणं कमी झालं. मग मॅडम म्हणाली, "आता तू सांगतीस का आईबाबांना, मला सांगितलेलं?"

प्रणालीनं आमच्याकडं न बघता साखरेच्या डब्याकडं बघत सांगितलं. "त्या दिवशी तो बोल्ला, ताई मला चालवायला दे. मी नाय दिली. त्याच्याकडे लायसन नव्हतं. मी त्याला दिली असती तर मागं मी असते." मंदाचा हात तोंडावर गेला. "आणि तुमी कोनी त्याचं नाव घेत नाय. फोटो काढून टाकला. काकाच्या सत्यनारायणाला कौलावर कावळ्यासाठी पान ठेवलेलं मी खिडकीतून बघितलं, बाबा. मला कळलं ते वर्षश्राद्ध हाय. मला बोलावलं पण नाय. मला वाटलं, माझ्यामुळे गेला म्हणून माझ्यासमोर त्याचं नावसुद्धा घ्यायचं नाय असं तुमी ठरवलंय."

दोन वर्षं. दोन वर्षं आम्ही तिला फुलासारखं जपत होतो, आणि ती आतल्या खोलीत बसून त्या जपण्याचा अर्थ असा लावत होती. आम्ही खिडकी लावायचो ती तिच्यासाठी, तिला वाटायचं आम्हाला तिचं तोंड नको झालंय. तिला दोष द्यावा असं आमच्या मनाच्या कोपऱ्यातही कधी आलं नव्हतं, पण आलं नाही हे सांगायला तरी त्याचं नाव घ्यावं लागलं असतं ना! मंदा हुंदके देत पोरीला कुशीत ओढून घेत म्हणत होती, "नाय गो बाय, नाय गो." मी साखरेचा डबा धरून बसलो, मोबाइल पडू नये म्हणून. माझं काळीज त्या दिवशी फाटलं, आणि तेव्हाही मी मोबाइलच सांभाळत होतो.

मॅडमनं नंतर मला समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. मोठा आघात झाला की मनाला कळतं की ते होऊन गेलं, अंगाला कळत नाही. हॉर्न वाजला, पेंढ्याचा वास आला, की अंग पुन्हा त्या वळणावर जाऊन उभं राहतं. अंगाला बळजबरी करून उपयोग नाही आणि त्या वळणापासून कायमचं दूर ठेवूनही नाही. त्याला थोडं थोडं करून, धीर देत, सोबत बसून शिकवायचं, की बाबा रे, ते संपलं, आता तू इथं आहेस. "तुम्ही सगळे चांगलंच करायलात काका," ती म्हणाली, "पण भीतीच्या वाटेतला खडा न् खडा तुम्ही उचलायलात, म्हणून तिला वाटायलंय की वाट खरंच चालण्याजोगी नाही." मी आधी पालथा घडा, पण हे पाणी थोडं मुरलं.

मग सुरू झाला आमचा तो विचित्र, देखणा हंगाम. आताशा त्या थंडीतले दिवस आठवले की पहिली डोळ्यांसमोर येते ती नंदूची व्हॅन. नंदू शाळेतली पोरं ने-आण करतो, त्याची पांढरी व्हॅन, आत सीटवर कुणी कुणी चिकटवलेली कार्टूनं. मॅडमनं सांगितलं होतं, उभ्या गाडीत नुसतं बसायचं, कुठं जायचं नाही. मग दुपारी पोरं सोडून आला की नंदू गाडी आमच्या दारात लावायचा, सगळी दारं उघडी टाकायचा, आणि प्रणाली आत बसून शेंगा सोलायची. मंदा तिच्यासमोर सूप घेऊन. रस्त्यानं जाणारे विचारायचे, काय हो, सहल कुठं चाललीय? नंदू म्हणायचा, "लांब चाललोय, बघा किती लांब!" आणि प्रणालीच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलायचं.

पुढं दारं लावून बसायचं. पुढं इंजिन चालू. इंजिन चालू झालं त्या दिवशी ती पांढरीफटक पडली, सोललेले दाणे सांडले, दाराची कडी ओढायला लागली. मॅडम फोनवर होती. भीती चढते तशी उतरतेही, चढलेली असताना पळून गेलो तर ती आपल्यापाठी घरात येते, उतरेपर्यंत बसायचं, हे तिनं आधीच सांगितलं होतं. ते ऐकायला सोपं. समोर आपली पोर घामानं निथळतेय आणि आपण हात बांधून उभं राहायचं! मंदा ओरडली, "नंद्या, बंद कर ती गारी! अवरा पुरे झाला!" तेव्हा काचेआडून प्रणालीनंच मान हलवली. नको, बंद नको. ती बसली. रडत बसली, मग नुसतीच बसली, मग वाकून सांडलेले दाणे वेचायला लागली. त्या वेळी मला माझ्या पोरीचा जो अभिमान वाटला, तो तिच्या पहिल्या नोकरीच्या दिवशीही वाटला नव्हता.

गाडी वेशीपर्यंत गेली, मग शाळेपर्यंत, मग नाक्यापर्यंत. मधे दोनदा पाऊल मागं पडलं, एकदा तर पुन्हा आतली खोली. मॅडम म्हणाली, असं होतंच, घसरलं म्हणजे संपलं नाही. आणि इकडे घरात दुसरा धडा चालू होता. नंदूकडून फोटो परत आला. मंदानं तो पुसून जुन्याच खिळ्याला लावला. मॅडमनं सांगितलं होतं, रोज त्याच्याबद्दल काहीतरी बोला, साधं, पोळीभाजीइतकं साधं. पहिल्यांदा मंदा बोलली, जेवताना, ताटाकडं बघत. "सोहमला सुका बोंबील जाम आवरायचा." प्रणाली म्हणाली, "आवडायचा कुठं? तो तुझ्या धाकानं खायचा." "माझे धाकानं? चाटून खायचा!" "मला विचार ना, अर्धा माझ्या ताटात टाकायचा." त्यावरून मायलेकींची अशी जुंपली की बोंबील ताटात गार झाले. मरून गेलेल्या पोराच्या आवडीनिवडीवरून भांडण! आणि मला वाटलं, कितीतरी दिवसांनी घरात चौघं जेवायला बसलोय.

मी मात्र काही बोलू शकलो नाही. मी 'तो' म्हणायचो, 'आपला धाकटा' म्हणायचो. नाव ओठांपर्यंत यायचं आणि परत जायचं. प्रणाली विचारायची, "बाबा, तुमी सांगा ना काहीतरी," आणि मला गेटावरचं काहीतरी काम आठवायचं. निवृत्त माणसाला गेटावरचं काम! दोघीही हसायच्या नाहीत.

एक दिवस ती त्या वळणावर गेली. मॅडम स्वतः आली होती, अशा दिवशी मी फोनवर नाही थांबणार म्हणाली. दुपारचं ऊन, रस्त्यावर धूळ, एकामागून एक ट्रेलर. नंदूनं गाडी बाजूला घेतली. प्रणाली उतरली, मॅडमचा हात धरून कडेच्या मातीवर उभी राहिली, आणि त्या दिवशीचं सगळं पहिल्यापासून मोठ्यानं सांगायला लागली. मामाकडं काय खाल्लं, सोहमनं काय चेष्टा केली, चावी कशी मागितली, ती नाही का म्हणाली. शब्द ट्रेलरच्या आवाजात बुडायचे, ती थांबायची, पुन्हा बोलायची. रडली, पण पाय रोवून उभी राहिली. हे मला नंतर नंदूनं सांगितलं, तो खिडकीतून बघत-ऐकत होता. मी गाडीतच होतो, मागच्या सीटवर. मॅडमनं वाकून विचारलं होतं, "काका, उतरताय का?" मी म्हणालो, "नको, गाडीजवळ कुणीतरी पाहिजे ना." नंदू चालकाच्या सीटवर बसलेला होता. मॅडमनं माझ्या बाजूचं दार उघडं ठेवलं. मी माझ्या चपलांकडं बघत बसून राहिलो.

आता प्रणाली ऐरोलीला राहते, पुन्हा नोकरी करते. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. अजून एखाद्या संध्याकाळी तिचा फोन येतो, बाबा, जरा धडधडतंय, बोलत राहा. मग मी बोलत राहतो, भाजीचे भाव सांगतो, शेजारच्या लग्नाचं सांगतो. तिच्या श्वासावरून मला कळतं आता उतरतंय. मॅडमनं कधीच म्हटलं नव्हतं की ती विसरेल. ती म्हणाली होती, दुःख राहणार काका, पण ते तिला धरून ठेवतंय ते सोडेल, मग ती दुःखाला धरू शकेल. तेव्हा मला हे शब्दांचे खेळ वाटले होते. परवा रुमालातल्या शेंगा पाहून मंदानं फोन लावला तर प्रणाली पलीकडून म्हणाली, "रविवारी येते, ठेवा माझ्यासाठी." आणि आता मॅडमकडे मीही जातो. ते कसं झालं हे सांगितल्याशिवाय या थंडीबद्दल काही सांगितलं असं होणार नाही.

त्या वर्षी हंगाम सरत आला होता. शेंगा निबर व्हायला लागल्या होत्या. प्रणालीच एका सकाळी म्हणाली, "बाबा, पोपटी लावूया." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिनं पुन्हा सांगितलं. पेंढ्याचा वास तिला सहन होत नव्हता हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि म्हणूनच ती म्हणत होती. घरामागं आमची जमिनीची एक पट्टी उरलीय, तिच्यापलीकडं तारेचं कुंपण, कुंपणापलीकडं एकावर एक रचलेले कंटेनर. तिथं संध्याकाळी आम्ही जमलो. नंदूनं भांबुर्डा आणला. मी मडकं भरायला बसलो. वाटलं होतं हात चुकतील, पण हात चुकले नाहीत. पाला, शेंगा, अंडी, पुन्हा पाला. गवत पेटलं, धूर उठला, वाऱ्यानं आमच्याकडं वळला. प्रणालीनं चपला काढून पाय मातीवर ठेवले. मंदा तिच्याकडं बघत होती, मी जाळाकडं.

आणि मग हळूहळू बोलणी सुरू झाली. नंदू म्हणाला, "एक साल सोम्यानी जालाचे जवल तोंड नेला, भिवया जाल्ल्या! महिनाभर पोरगा टोपी घालून फिरला." प्रणाली हसली. खळखळून हसली, धुरानं की कशानं डोळ्यांत पाणी आणून हसली. मंदाही हसली. जाळ भडकत होता, शेंगांचा वास सुटला होता, ट्रेलर कुठंतरी हॉर्न देत होता आणि कुणी खिडकी लावायला धावलं नाही. मला आत कुठंतरी सैल झाल्यासारखं वाटलं. बऱ्याच काळानं मी सावध नव्हतो.

पाण्याचा शिंतोडा मारला. चर्र झालं. पोपटी उघडताना घाई असते, जास्त वेळ ठेवली तर शेंगा करपतात. मी काठीनं जाळ बाजूला लोटला, गोणपाट दोन्ही हातांत घेऊन मडकं उचललं, आणि मागं न बघता ओरडलो, "सोम्या, पेपर टाक रे! लवकर!"

आणि मडकं हातात धरून थांबलो.

गोणपाटातून चटका लागत होता. मी घराच्या मागच्या दाराकडं बघत होतो. हा पोरगा असाच. आलो आलो म्हणायचा आणि यायचाच नाही, मग आलाच तर रिकाम्या हातानं, मग पुन्हा पेपर आणायला पळायचा, आणि मी शिव्या घालत मडकं धरून उभा. मी तसाच उभा राहिलो. दार उघडंच होतं. आता येईल, असं मला खरोखर वाटत होतं. वेडेपणा म्हणा, पण मी त्याची वाट बघत होतो.

प्रणाली उठली. तिनं पेपर अंथरला, दुसऱ्या बाजूनं गोणपाट धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून मडकं पेपरावर रिकामं केलं. मग तिनं माझे भाजलेले हात आपल्या हातांत घेतले, मॅडमनं त्या वळणावर तिचा घेतला होता तसे, आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "बाबा, सोहम नाय. तो गेला."

अग्नी मी दिला होता. पिंड मी ठेवले होते. पण इतक्या दिवसांत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि "सोहम, सोहम" म्हणत त्या पट्टीवर गुडघ्यांवर बसून रडलो. ती मला धरून बसली. "रडा बाबा," म्हणाली, "मी हाय." शेंगा पेपरावर निवून गेल्या.